जेवणाच्या टेबलावरचा सेनापती

शुगर लँडमधल्या त्या काकांना मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

काका आमच्या मराठी मंडळातले ज्येष्ठ. तेल कंपनीतून रिटायर झाल्यावर त्यांना अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा नाद लागला, त्यातही दक्षिणेच्या एका सेनापतीचा. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या सैन्याचा हा सेनापती. त्याची रणांगणं त्यांनी गाडीनं पालथी घातली होती.

माझ्या लेकीच्या शाळेला याच माणसाचं नाव होतं. ती बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची आणि बँडच्या शर्टावर छातीभर तेच नाव. त्या वर्षी वर्गात युद्धाचा धडा झाला आणि ती घरी येऊन म्हणाली, "आई, आय कान्ट वेअर दॅट." नाव बदलावं की नाही यावर स्कूल बोर्डाची सुनावणी ठरली. बदललं नाही, तर ती बँड सोडणार होती.

काका नाव राहू द्या म्हणून बोलणार होते, तेही मंडळाच्या वतीनं. दिवाळीला आम्हाला त्याच शाळेचा हॉल मिळतो, बोर्डाशी वाकडं कशाला घ्या, असं सगळ्यांचं मत. मी त्यांना थांबवायला घरी गेले. काकूंनी आधी जेवायला बसवलं.

वरणाच्या वाट्या रिकाम्या झाल्या तशा काकांनी लढाई मांडून दाखवायला पुढे ओढल्या. "हे बघ, शत्रू दुप्पट. तरी यानं सैन्य विभागलं, अर्धं जंगलातून शत्रूच्या पिछाडीला पाठवलं. काय डेअरिंग!"

"आणि नंतर उत्तरेत शिरला तेव्हा?" मी विचारलं. "तिथली स्वतंत्र काळी माणसं त्याच्या सैन्यानं पकडली, बांधून दक्षिणेला गुलाम म्हणून नेली. ती मांडा ना." मी चमचे उचलून वाट्यांच्या मागे ठेवले.

काकांनी ते बाजूला सारले. "तू फक्त स्ट्रॅटेजी बघ. आपल्याकडचं ते सगळं इथं आणू नकोस."

आपल्याकडचं ते म्हणजे माझी जात. आम्ही नागपूरचे बौद्ध, हे त्यांना पक्कं ठाऊक. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काकू गुलाबजाम घेऊन आल्या. मी न खाता उठले.

सुनावणीत काका सूट घालून आले. त्यांनी सेनापतीचा संयम, धाडस, सैनिकांवरची माया, सगळं साग्रसंगीत वर्णन केलं. आम्हा मराठी लोकांना शौर्याची कदर आहे, असंही म्हणाले. समोरच्या गोऱ्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एका ब्राउन माणसानं तोंडावर सर्टिफिकेट दिल्यावर त्यांना आणखी काय हवं होतं? माझी पाळी आली तेव्हा बोर्डातला एक जण फोन बघत होता. मला त्या हॉलमधल्या प्रत्येकाचा राग आला, काकांचा सगळ्यात जास्त.

नाव राहिलं.

दिवाळीच्या तोंडावर काकांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच प्रेमळ. "अगं, यंदा कार्यक्रमाची सुरुवात तुझ्या लेकीच्या ट्रम्पेटनं करू या. मस्त वाजवते!"

"काका, ट्रम्पेट शाळेचं होतं. तिनं परत केलं."

"अरेरे! का गं?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"तुमचा सेनापती जिंकला ना, म्हणून," मी म्हटलं.