धनकुंवरबाईंच्या दिव्याची टोपी

आधारभाऊंनी वीस वर्षं गावाचे कंदील लावले. खांद्यावर शिडी, हातात रॉकेलची बाटली, कमरेला काच पुसायचं फडकं. सोनगीरच्या अलीकडच्या त्या गावात १९६८ साली वीज आली, तेव्हा ग्रामपंचायतीने कंदील माळ्यावर टाकले आणि आधारभाऊंच्या हाती बटण दिलं. तिन्हीसांजेला ते बटण दाबायचे आणि पारावरची माणसं दिव्याकडे बघून हात जोडायची. त्यातला थोडा नमस्कार आपल्यालाही पोचतो, असं आधारभाऊंना मनातून वाटायचं.

सगळ्यात मोठा दिवा इंदरचंद शेठच्या दुकानासमोर लागला. शेठनी आपल्या आईच्या, धनकुंवरबाईंच्या नावाने दोनशे वॅटचा बल्ब दिला होता.

"आधारभाऊ, आईचा दिवा आग्रा रोडवरून दिसला पाहिजे बरं का!"

आधारभाऊंना हुरूप आला. बल्बवर पांढऱ्या पत्र्याची थाळी होती, ती त्यांनी काढूनच टाकली. उजेड चौफेर सुटला. थाळी घरी गेली, बायकोने ती पाण्याच्या माठावर झाकली.

नवरात्र बसलं आणि गावाची ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली. त्या दिव्याच्या खांबामागे द्रौपदाबाईंचं अर्धा एकर वावर होतं. तिथली ज्वारी मात्र डोक्याच्या वर गेली, हिरवीगार राहिली, आणि कणसाचा पत्ता नाही. एकट्या बाईची वर्षाची भाकर त्या तुकड्यावर होती. घरचं बी त्या साली ओलीने सडलं, म्हणून तिने ते शेठच्या दुकानातून नेलं होतं. ती दुकानासमोर येऊन उभी राहिली.

"शेठ, तुनं बियानं खोटं शे!"

"अक्का, त्याच पोत्यातलं झुलालने नेलं. त्याची कणसं जाऊन बघा."

"मंग मी काय कडबा खाऊ?"

"गाय व्हई जा अक्का," पारावरून झुलाल ओरडला, "बठ्ठा कडबा तुनाच!"

पार खदखदून हसला. आधारभाऊही हसले, पण दुसऱ्या दिवशी सहज म्हणून वावरात शिरले. वावराच्या टोकाला निंबाचं झाड होतं. त्याच्या पलीकडे एक पट्टा भरघोस निसवला होता. बाकी सगळं मुकं. बी तेच, माती तीच.

त्या संध्याकाळी त्यांनी बटण दाबलं आणि नमस्काराला न थांबता थेट वावरात गेले. उजेडात पानंपान दिसत होतं. निंबामागे दाट काळोख होता, आणि जिथवर काळोख होता तिथवरच कणसं होती. आधारभाऊंनी वळून उघड्या बल्बकडे बघितलं. थाळी त्यांनीच काढली होती.

गप्प बसले असते तर दोष बियाण्यावरच गेला असता. ते परत पाराशी आले.

"बी खरं शे. चूक मनी शे. मी थाळी काढी टाकी. अक्काच्या ज्वारीले रातच भेटनी नही."

"आता ज्वारीले झोप पाहिजे का?" झुलालने विचारलं.

"तू झोपस का डोयावर दिवा लईसन?"

शेठ मात्र गंभीर झाले. "आईचा दिवा झाकणार तुम्ही?"

"झाकत नाही शेठ. खाली वाकवतो."

थाळी उथळ, तिने बाजूचा उजेड पुरता अडला नसता. आधारभाऊंनी गोडेतेलाचा रिकामा डबा कापला, वावराच्या बाजूने लांब आणि रस्त्याच्या बाजूने आखूड ठेवला, आतून चुना फासला आणि बल्बवर बसवला. वावर अंधारात गेलं. दुकानाची पायरी मात्र अशी उजळली, की शेठना तराजूचा काटा दुकानातला दिवा न लावता वाचता येऊ लागला. "आई आता घराकडे बघतेय," ते म्हणाले. आग्रा रोडचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

द्रौपदाबाईंचा विश्वास नव्हता. आधारभाऊंचाही पुरता नव्हता. रोज सकाळी ते ज्वारीची ताटं बोटांनी दाबून बघायचे. दिवाळी गेली, तरी काही नाही. मग एका सकाळी ताटाच्या शेंड्याशी बोटाला फुगीर लागलं. ज्वारी पोटरीत आली होती, आत कणीस धरलं होतं. ते तसेच धावत सुटले, चप्पल वावरातच राहिली.

कणसं उशिराची, आखूडच भरली. वर्षाची नाही, पण आषाढापर्यंतची भाकर झाली. तोवर शेताकडेच्या बाकीच्या खांबांनाही डबे बसले होते, आणि पारावर बसल्या बसल्या लोकांना आभाळातलं तीन चांदण्यांचं तिकांडं पुन्हा दिसू लागलं होतं.

नव्या ज्वारीची पहिली भाकर द्रौपदाबाई फडक्यात बांधून खांबापाशी घेऊन आली.

"खाय आधारभाऊ, कडबा नही शे."

आधारभाऊंनी एका हाताने भाकर धरली, दुसऱ्याने बटण दाबलं. माणसांनी हात जोडले. द्रौपदाबाईनेही दिव्याला जोडले, आणि मग वळून आपल्या अंधाऱ्या वावराला.