पहिला ग्लास मास्तरांचा

गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर तो आवळ्याचा रस विकतो. कळवणकडचा आहे, एवढंच मला माहीत. कानामागे विडी खोचलेली, आणि उपदेश मात्र मला: "सायब, सिगारेट सोडा. आवळा घ्या, शंभर वर्षं जगाल." स्वतः कधी घोटभरही घेत नाही. विचारलं तर म्हणतो, "मला नाय झेपत. लय आंबट हे."

पहिला ग्लास ठरलेला, एका निवृत्त मास्तरांचा. ते फाटकातून बाहेर येताना दिसले की तो मिक्सर सुरू करायचा. मास्तरांना सुपारीचंही व्यसन नव्हतं आणि त्यांचं चालणं कधी चुकलं नाही. गेल्या आठवड्यात ते झोपेतच गेले.

दुसऱ्या दिवशी सवयीने त्याने पहिला ग्लास भरला, आणि भरल्यावर त्याला आठवलं. मला वाटलं, आता हा आवळ्यालाच शिव्या घालणार. त्याने कानामागची विडी काढून गाड्यावर ठेवली, ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. डोळे घट्ट मिटून घेतले.

"मास्तर रोज कसं पीत होते हो हे?" तो म्हणाला. "कधी तोंड वाकडं केलं नाय त्यांनी."