पाळीवरचं बेशरम

बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा आमच्या गावात कुणी पेढे वाटले नाहीत. अर्धं कशाचं? आमच्याकडे गाडीच येत नव्हती. टीव्हीवर बायका खिडकीतून हात हलवत होत्या आणि मी चुलीजवळ बसून त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. त्यांचा काही दोष नव्हता, पण समोर त्याच होत्या.

माझं सासर आणि माहेर यांच्यामध्ये एकच तलाव आहे. जुन्या जमीनदारांच्या वेळचा, माजी मालगुजारी, म्हणून सगळे मामा तलाव म्हणतात. अर्धा आमच्या ग्रामपंचायतीत, अर्धा माहेरच्या. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालत गेलं तर चुलीवर भात ठेवून निघावं आणि माहेरी पोचून तो शिजला असेल म्हणावं, एवढंच अंतर. सडकेने जायचं तर आधी फाट्यापर्यंत पायपीट, मग चामोर्शीकडून येणाऱ्या काळीपिवळीची वाट, मग पुन्हा पायपीट. अर्धा दिवस त्यातच मोडतो.

पाळ चांगली रुंद होती. ती बेशरमाने गिळली. हे झाड ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी सुखी राहावं. डोक्याच्या वर वाढतं, जांभळट फुलं येतात, लांबून पाहणाऱ्याला बरंही वाटतं. ढोर खात नाही, बकरी तोंड लावत नाही. तोडून फेकलं तर जिथे पडेल तिथे मूळ धरतं. ज्याने त्याला बेशरम नाव ठेवलं, त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क. हळूहळू त्याने शिंगाड्याची जागा खाल्ली, कमळं खाल्ली, पाळीवर दोन्हीकडून भिंती उभ्या केल्या. मग त्या भिंतीआड वाघ दिसला आणि लोकांनी पाळीवरून जाणं सोडलं.

त्याच पावसाळ्यात बाबा गेले. दुपारी धाकट्या भावाचा फोन आला. मी म्हटलं, "थांबा, मी पाळीवरून येतो." थोड्या वेळाने पुन्हा त्याचा फोन. "माती झाली. आता घाई नको करू. सडकेनं ये."

मी सडकेने गेले. पोचले तेव्हा दिवस बुडत होता, अंगणात पाणी सांडलेलं होतं आणि माणसं हातपाय धुऊन बसली होती. माझ्या बापाचं तोंड मला दिसलं नाही. घाई नको करू! बकरी बाजारातून आणायची असेल तर माणूस असं म्हणतो. मी त्याच अंगणात सगळ्यांदेखत सांगितलं, या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. भाऊ खाली बघत राहिला. एक शब्द बोलला नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. तोंड होतं ना त्याला? फोनवर तर बरं चाललं होतं.

माय त्याच्याकडे राहायची. गुडघे गेलेले, मोटरसायकलवर बसता येत नाही. वर डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल याचा भरवसा नाही. आम्ही तेव्हा नवीन घर बांधलं होतं. माय फोनवर एकच गोष्ट विचारायची, "गाडी कवा लागते व? डोळे हायेत तवर तुह्यं घर पाहून घेतो." मी तिच्याकडे जाऊ शकले असते. पण मी बोलून बसले होते, आणि माझा शब्द म्हणजे शब्द. तेव्हा गाडी आणणं भाग होतं.

म्हणून मी पंचायतीला उभी राहिले. तळमळ, समाजसेवा वगैरे भाषणात म्हणायला ठीक आहे. मला गाडी पाहिजे होती. निवडून आले आणि कळलं की पलीकडच्या गावात उपसरपंच कोण, तर माझा भाऊ.

पहिल्या उन्हाळ्यात दोन्ही पंचायतींनी आपापल्या बाजूचं बेशरम तोडलं. आमच्या लोकांनी तोडलेलं तलावात लोटलं, वारा त्यांच्याकडे वाहत होता म्हणून. त्यांनीही लोटलं, वारा फिरायची वाट बघून. पाण्यात पडलेली कांडी जगते हे इथल्या लेकरालाही ठाऊक आहे. आम्हाला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. पावसाळा सरला तेव्हा तलाव पहिल्यापेक्षा हिरवा होता आणि दोन्ही गावं एकमेकांच्या नावाने ठणाणा करत होती.

शेवटी एसटी डेपोच्या साहेबांनीच दोघांना बोलावलं. गाडी पाळीवरून न्यायची तर दोन्ही ग्रामपंचायतींचा एकत्र ठराव हवा आणि रस्ता मोकळा हवा. संयुक्त सभा आमच्या विहारात भरली. भाऊ आला, समोर बसला. त्याने मला जयभीम केला नाही, मीही केला नाही. मी मोठी, म्हणून लहानपणापासून तो मला बाई म्हणायचा. त्या सभेत मी झाले "सन्माननीय सदस्या".

त्यांच्या सरपंचाने सुचवलं, फवारणी करू, आठ दिवसांत जळून जाईल. मी उठले. "आन् मासोऱ्या? उरलेली कमळं? त्याच पान्यावर धान पिकते, ते कोन खाईन, तुमचा फवारा?" तलावात मासे धरणारी ढिवर मंडळी माझ्या बाजूने बोलली. आश्चर्य म्हणजे भावानेही फवाऱ्याला नाही म्हटलं. मला ते आवडलं नाही. त्याने विरोध केला असता तर मला सोयीचं होतं.

मग मी बोलले, "पह्यले हे लिहून घ्या, का तुमच्या गावचे बेशरम आमच्या गावात घुसून राह्यले." झाड हा शब्द मी गाळला. मुद्दाम गाळला. समोरचे चार-पाच जण ताडकन उभे राहिले. भाऊ बसल्या जागेवरून अगदी शांतपणे म्हणाला, "सन्माननीय सदस्यांना झाड म्हणायचं आहे की माणूस, ते त्यांनी स्पष्ट करावं."

"ज्याले जे लागू पडते, त्यानं ते घ्यावं," मी म्हटलं.

त्यानंतर काय गोंधळ झाला ते सांगण्यात अर्थ नाही. एक खुर्ची मोडली, ती आमच्याच गावची होती. साहेब तेवढे कंटाळलेल्या चेहऱ्याने बसून राहिले. आवाज ओसरल्यावर म्हणाले, "मला तुमच्या भांडणाशी काही घेणं नाही. दोघांनी एकाच वेळी काढा, मुळासकट काढा, आणि पाण्यात टाकू नका. चाचणीची गाडी आणतो. काचेला फांदी लागली तर गाडी मागे, पुन्हा माझ्याकडे यायचं नाही." आमच्या आयुष्यात इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. ठराव झाला.

ठरल्या दिवशी ते तिकडून निघाले, आम्ही इकडून. विळे, कुऱ्हाडी, कुदळी. वनरक्षक फटाके घेऊन पुढे चालत होता. उपटलेलं सगळं गावाकडच्या कोरड्या पडीक जागेत नेऊन उन्हात पसरलं, वाळलं की जाळायचं म्हणून. दुपार कलताना दोन्ही गावं पाळीच्या मधोमध समोरासमोर आली, आणि मध्ये एक ठोंब उरलं. हद्दीचा दगड नेमका त्याच्या पोटात. जो उपटेल, त्याने ते आपल्या गावचं मानलं असं झालं असतं. भावाने कुऱ्हाड खाली ठेवली. मी विळा खाली ठेवला. दोन पंचायती, सगळ्या शहाण्या माणसांनी भरलेल्या, एका झुडपाकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी चाचणीची गाडी आली, साहेब आत बसलेले. पलीकडच्या गावात माणसं भरून पाळीवर चढली आणि ठोंबापाशी येऊन थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. इकडे मी उभी, तिकडे गाडीच्या पुढे भाऊ उभा. पहिल्याच खिडकीत माय होती. नवं पातळ नेसलेली, दांडा दोन्ही हातांनी धरलेला.

"का झालं रे?" तिने कंडक्टरला विचारलं.

"माय, बेशरम आडवं आहे."

"कोन्तं?" माय म्हणाली. "तलावातलं का माह्यं?"

सगळी गाडी हसली. साहेबसुद्धा हसले. मला काडीचंही हसू आलं नाही. मी कुदळ उचलली आणि आमच्या बाजूने घाव घातला, तसा तिकडून त्याच्या कुऱ्हाडीचा आवाज आला. आम्ही एकमेकांकडे न बघता ते मुळापासून काढलं. गाडी निघाली.

मायने माझं घर पाहिलं. भिंतीला हात लावून विचारलं, "हा निळा हाय ना?" मी म्हटलं, निळाच आहे. ती खूश झाली. एकेका खोलीत गेली, खिडकीची कडी लावून पाहिली, बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडले. मग चहा घेताना सहज बोलल्यासारखं बोलली.

"तुह्या भावावर तू रागावून राह्यली, पन ते बोलणं माह्यं होतं."

"कोनतं?"

"माती झाली म्हनून. तवा तं तुह्या बाबाले आंघोळही घातली नोहोती. तू म्हनली, पाळीवरून येतो. तिथी वाघ. तू आयकणारी हायेस का कोनाचं? मी त्याले म्हनलं, माती झाली म्हनून सांग, मंग तुही बाई घाई करनार नाई, सडकेनं येईन. तो नाई म्हने. मी माह्यी आन घातली." तिने बशीतला चहा संपवला. "मंग लोकं थांबेनात. अंधार पडल्यावर नाल्याकडच्या मसनात कोनी जाले तयार नोहोतं. तू येवाच्या पह्यले न्यावं लागलं."

"आन् त्यानं मले कधी सांगितलं काऊन नाई?"

"तू कधी इचारलं?"

मला तिचा राग आला. फार आला. पण पदराने तोंड पुसत परतीची गाडी किती वाजता आहे विचारणाऱ्या म्हातारीवर काय रागावणार? इतकी वर्षं भावासाठी जपून ठेवलेलं सगळं माझ्या हातात तसंच राहिलं, आणि ते ठेवायला कुठे जागा नव्हती.

भाऊ मायला न्यायला आला होता. फाटकाबाहेर उन्हात उभा. या घरात तो कधी आला नव्हता, मी कधी बोलावलं नव्हतं. मी दारात गेले.

"गाडीले टाइम आहे. तिथी काऊन उभा आहेस?"

तो गाडीकडे बघत म्हणाला, "सन्माननीय सदस्यांनी अजून परवानगी दिली नाही."

मी त्याला काय काय सुनवायचं ते कित्येक वर्षं घोकून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना. तोंडात आला तो एकच शब्द.

"ये ना घरात, बेशरमा."

"येतो, बाई," तो म्हणाला, आणि दाराशी त्याने चपला काढल्या.