परत आलेलं हेड

माझ्या आईला हात लपवायची सवय होती. फोटो काढायचा म्हटलं की हात पदराखाली जायचे. बोटांच्या रेघांत बसलेलं काळं ना साबणाने जायचं, ना लिंबाने. माझ्या लग्नात, विहारात, मुलाकडच्यांना जयभीम करायला तिला हात जोडावेच लागले, तेव्हा मान मी खाली घातली.

अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराच्या रस्त्यावर बाबांचं मोटारसायकलचं गॅरेज होतं. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा वॉल्व्ह घासायचं काम आईने घेतलं, आणि ते गेल्यावर गॅरेजच घेतलं. लोक तिला टॅपेटकाकू म्हणायचे. लाकडी दांडीच्या टोकाला रबराची वाटी असायची. ती वॉल्व्हला चिकटवून, खाली पेस्ट लावून, ताक घुसळावं तशी ती दांडी तळव्यांत फिरवत बसायची. मग हेड, म्हणजे वॉल्व्ह बसतात तो इंजिनचा वरचा भाग, उलटं ठेवून खळग्यात पेट्रोल ओतायची. खालून थेंब झिरपला की पुन्हा घासणं सुरू.

जुनं हेड आणायला ती स्वतः उल्हासनगरला जायची. हेडवरून नख फिरवून भंगारवाल्या सिंधी दुकानदाराला विचारायची, "साईं, ये हेड है की चाळणी?"

"अरे माई, एकदम चालू माल है!"

"चालू तर तू पण आहेस."

नम्रपणा तिच्या गावीही नव्हता. "माझ्या हातचं हेड परत येत नाही," हे गिऱ्हाइकाला चहाच्या आधी ऐकावं लागायचं. तिची ही फुशारकी चारचौघांत ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

टॅपेटच्या बाबतीत मात्र ती कुणाचं ऐकत नसे. वॉल्व्ह दाबून उघडणारं टॅपेट आणि वॉल्व्ह यांच्यात कागदाएवढी फट लागते. इंजिन पुरतं गार झाल्यावर फिलरची पातळ पट्टी सरकवून ती ही फट ठेवायची. इंजिन तापलं की धातू वाढतो. फट नसेल तर वॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. फट असली की इंजिन थोडं टिकटिकतं. गिऱ्हाईक कुरकुरलं की ती म्हणायची, "वाजू दे की रे. वाजतंय तोवर जिवंत आहे. गप्प झालं की समज, आतून जळतंय."

माझा नवरा मिलिंद बदलापूरचा. त्याच्या जुन्या गाडीला आईने लग्नाआधी उल्हासनगरचं हेड बसवून दिलं. लग्नानंतर काही महिन्यांनी सासूबाई नवी साडी नेसून त्या गाडीवर मागे बसल्या होत्या, आणि चिखलोलीजवळ गाडीने मान टाकली. भर उन्हात त्यांना चालावं लागलं, त्यात चप्पल तुटली. घरी येऊन त्यांनी अख्खा मजला गोळा केला. "विहीणबाईंनी भंगार मारलंन् आमच्या गळ्यात!"

दुसऱ्या दिवशी आई हत्यारांची पिशवी घेऊन हजर. आमच्या बिल्डिंगखाली गोणपाट अंथरून तिने इंजिन उघडलं. सासूबाई खुर्चीवर, आई जमिनीवर, आणि गॅलरीत बायका. कड जळून गेलेला वॉल्व्ह तिने काढला आणि सासूबाईंच्या हातात ठेवला. "फट कमी ठेवली मी. चूक माझी आहे. पोराची नाही." त्या दिवशी तिने हात लपवले नाहीत. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. मिलिंद पाना धरून खाली बघत उभा होता.

त्यानंतर तिची ती बढाई बंद झाली. जुनी गिऱ्हाइकं मुद्दाम काढायची, "काकू, तुमच्या हातचं हेड परत येत नाही ना?" ती म्हणायची, "एक आलं होतं." मीही सोडत नसे. बोंबलाच्या कालवणाचं कौतुक तिने स्वतःच सुरू केलं की मी म्हणायची, "हो, तुझी कारागिरी चिखलोलीला बघितली सगळ्यांनी." ती हसायची. "डुलकी लागली गं तेव्हा."

आई गेल्या वर्षी गेली. गॅरेज रिकामं करताना मिलिंदने फक्त तिचा फिलर मागून घेतला. परवा रविवारी तो खाली गाडीचे टॅपेट बघत होता. मी सवयीने म्हणाले, "नीट कर, आईसारखं नको."

त्याचा हात थांबला. "सुजाता, फट कमी करून ती टिकटिक बंद करा, असं मीच म्हणालो होतो त्यांना. 'शिलाई मशीन आली' म्हणून मित्र चिडवायचे. त्या नको म्हणत होत्या. मी हट्टाला पेटलो. जावयाचा पहिला शब्द म्हणून मोडला नाही त्यांनी."

"आणि त्या दिवशी तू गप्प उभा राहिलास?"

"सांगणार होतो. त्यांनी आधीच बाजूला घेतलं मला. म्हणाल्या, गप बस. तुझी आई तुला जन्मभर ऐकवेल, आणि तो राग तू माझ्या पोरीवर काढशील. मला कोण बोलणार? सुजी. बोलेल चार दिवस."

पुढे तो काय म्हणाला ते मी ऐकलं नाही. मला दवाखाना आठवला. शेवटच्या आठवड्यात आई नर्सला सांगत होती, पंख्याचं बेअरिंग गेलंय, आवाजावरून कळतंय. मी नर्सला म्हणाले होते, "हिचं ऐकू नका. हिच्या हातचं परत येतं." नर्स हसली. आईही हसली, आणि तिने हात चादरीखाली घेतले.