ह्यांच्या लिव्हरमधली गाठ

गणपतीत ह्यांचं पोट दुखायला लागलं. मोदक बाधले असतील म्हणून मी ओवा दिला. दुखणं थांबलं, तरी रत्नागिरीत सोनोग्राफी करून घेतली. डॉक्टर म्हणाले, "पोटदुखीचं काही नाही, पण लिव्हरमध्ये गाठ दिसतेय." सीटी स्कॅन करूनही त्यांना खात्री देता येईना. "कॅन्सर नाहीच असं म्हणता येत नाही. कोल्हापूरला एमआरआय करून या."

हे गणिताचे निवृत्त मास्तर. घरी पोचेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडून स्वतःला मारून टाकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून घरात कुणी भलताच सज्जन माणूस वावरू लागला. आमटीला नावं ठेवीना, टीव्हीचा रिमोट मागेना. एका सकाळी हे उठून गावी धाकट्या भावाकडे गेले. बांधावरच्या फणसावरून दोघांचं बोलणं कधीचं बंद होतं.

"फणस तुझा," हे म्हणाले.

दिराने घाबरून मला फोन केला, "वहिनी, दादाला झालंय तरी काय?" मी सांगितलं. तो रडला आणि कोल्हापूरला न्यायला स्वतः गाडी घेऊन आला.

एमआरआयमध्ये गाठीत चरबी दिसली. मग सुईने तुकडा काढून तपासला. रिपोर्ट आला, तेव्हा आम्ही तिघेही डॉक्टरांसमोर बसलो होतो.

"अँजिओमायोलायपोमा," ते म्हणाले. "रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची गाठ. लिव्हरमध्ये क्वचितच सापडते. कॅन्सर नाही. लहान आहे, कापायला नको. अधूनमधून तपासत राहू."

"चरबी होय!" मी म्हटलं. "एवढी मशिनं कशाला लावलीत? ह्यांच्या अंगात चरबी आहे हे मी लग्नापासून सांगतेय."

डॉक्टर हसले, दीर हसला. हे हसले नाहीत. टेबलाखाली माझा हात तेवढा घट्ट धरून बसले.

परतताना आंबा घाटात ह्यांनी घसा खाकरला. "त्या फणसाचं जरा..."

"दादा, दिलेलं परत मागतात का?"

रत्नागिरीजवळच्या हातखंब्यापर्यंत दोघे भांडत होते. मी मध्ये पडले नाही. कित्येक वर्षांनी ते एकमेकांशी बोलत होते.

आता सोनोग्राफीला गेलं की गाठीचं ते लांबलचक नाव हे एकही अक्षर न चुकता सांगतात. अख्ख्या रत्नागिरीत अशी गाठ आपल्याकडेच, असं त्यांचं मत आहे. मागच्या खेपेला बाकावरच्या एका बाईंनी काळजीने विचारलं, "फार दुखतं का हो?"

"नाही," हे म्हणाले, जरा खट्टू होऊनच.