मुसळाला बांधलेला बेडूक

धोंडीची मिरवणूक आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

आमच्या गावाबाहेरच्या पाणथळीत बोरू माजलेला असे आणि काठावरच्या बाभळी पाण्यावर वाकलेल्या. आषाढात दिवेलागणीला तिथून टक्-टक्-टक् असा आवाज यायचा, सुतार खिळा ठोकतोय जसा. गाव म्हणे, पाल असेल. मी एरंडोलला शाळेत विज्ञान शिकवायचो, मला ते पटेना. बऱ्याच संध्याकाळी चिखलात उभा राहिलो, तेव्हा कुठे तो दिसला. अंग तपकिरी, बोटांच्या टोकांना टिकलीएवढ्या चकत्या, मांडीच्या आतून पिवळे ठिपके. झाडबेडूक! फांदीला त्याच्या मादीने पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटवला होता. आत अंडी, पिल्लं निघाली की थेट खालच्या पाण्यात पडणार. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

त्याच आठवड्यात हिवतापवाले डासांच्या अळ्या मारायला तेलाचे डबे घेऊन आले. गल्लीतली गटारं उरकून ते निघालेच होते. पण आमचे आबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, गावचा कारभार पाहत. त्यांनीच माणसांना पाणथळीवर नेलं. फेस म्हणजे सापाची लाळ समजून ओरडले, “हाई सापनी लाय शे! बठ्ठ्या फांद्या तोडा, पाणीमा तेल टाका!”

मी आडवा आलो. हात जोडून सांगितलं, ही बेडकाची अंडी आहेत, हे बेडूक डासच खातात.

“मास्तर, बेडूक बेडूकच शे. तेना इतला काय लाड?” आबा म्हणाले.

सगळे खदखदून हसले. कुऱ्हाड चालली, फेसाचे गोळे तेलात पडले. मी आबांशी बोलणं टाकलं. त्याचं कोणाला सोयरसुतक नव्हतं.

पुढच्या वर्षी आषाढ कोरडा गेला. गावाने धोंडी काढायचं ठरवलं. मुसळाला कडुनिंबाचा पाला आणि जिवंत बेडूक बांधून दारोदार फिरवायचा, बायांनी त्यावर पाणी ओतायचं, मग पाऊस येतो म्हणतात. मुसळ होतं, पाला होता, बेडूक मिळेना. पाणथळ तर तेलानंतर मुकीच झाली होती. आबा स्वतः माझ्या दारी आले.

“तुले माहीत शे. एक तरी बेडूक कोठे भेटी?”

“तेलमा दखा, आबा,” मी म्हणालो.

शेवटी त्यांनी कच्च्या मातीचा बेडूक करून बांधला. आमचं घर गावाच्या टोकाला, मिरवणूक सगळ्यात शेवटी आली. बायको तांब्या घेऊन पुढे झाली आणि थबकली. बेडकाच्या जागी पाल्यातून नुसता चिखल ठिबकत होता.

“टाक पाणी,” आबा म्हणाले.

“कसावर, आबा?” तिने विचारलं.