क्लचवरचा पाय

श्रीरामपूरच्या माझ्या मेकॅनिकला गाडीच्या मालकाशी बोलायची सवय नाही. तो बॉनेटला कान लावतो, 'हं' म्हणतो आणि गाडीकडे बघतच आपल्याला उत्तर देतो.

मी पुण्याहून जुन्या जीपच्या इंजिनाची ताकद वाढवून आणली, आणि महिनाभरात क्लचप्लेट जळाली. "इंजिन पैलवानाचं केलं, क्लच जुनाच ठेवला," असं गाडीला सुनावून त्याने दणकट प्लेट बसवली. तीही जळाली. तिसरी जळाली तेव्हा नवी बसवून तो माझ्या शेजारी येऊन बसला. "घ्या सर, घोडेगावच्या बाजूला."

वाटेत त्याची नजर सारखी खाली होती. अचानक वाकून त्याने माझा डावा पाय हाताने उचलला आणि क्लचवरून बाजूला ठेवला. वडीलधाऱ्या माणसाने पायाला हात लावला म्हणून मी ओशाळलो.

"सर, ताकद वाढवली, अन् आता तिचंच भ्या वाटतंय तुमाला. पाय क्लचवरनं हटतच न्हाई, मग प्लेट जळनारच."

मी इंजिन पूर्वीसारखं करून घेतलं. त्यानंतर क्लच जळाला नाही.

परवा कॉलेजातले दोन सहकारी गॅरेजवर भेटले. मी जीपच्या वाढवलेल्या ताकदीचं रसभरीत वर्णन सुरू केलं. तेवढ्यात मेकॅनिक मागेच हात पुसत उभा असलेला दिसला, आणि मी वाक्य अर्ध्यावर सोडून खिशात जीपची किल्ली चाचपू लागलो.

सहकाऱ्यांनी त्यालाच विचारलं, "खरं का हो?"

त्याने जीपकडे बघितलं.

"व्हय," तो म्हणाला, "लई पळती."